चारचाकीचा परवाना : प्रकल्प नोंदी (पुणे, जून २०२४ ते जानेवारी २०२५)

२ जून २०२४

प्रकल्पाची उद्दिष्टे दोन आहेत आणि ती मुद्दाम वेगळी लिहीत आहे. पहिले, वर्ष संपण्यापूर्वी हलक्या मोटार वाहनाचा पक्का परवाना मिळवणे. दुसरे, कोथरूडहून हिंजवडीच्या कार्यालयापर्यंत शेजारी कोणी नसताना गाडी नेता येणे. पहिले उद्दिष्ट पूर्ण झाले की नाही हे सरकार सांगेल. दुसऱ्याचा निर्णय माझा मलाच करावा लागेल.

मी ऑटिस्टिक आहे हे मला सत्तावीस वर्षांची असताना कळले. त्याआधी एकदा गाडी शिकण्याचा प्रयत्न केला होता आणि तो अर्धवट राहिला. तेव्हाची काही नोंद नसल्यामुळे नेमके काय अडले ते आज सांगता येत नाही, म्हणून या खेपेला नोंदवही. शिकण्याचे कारण साधे आहे. गर्दीच्या बसमधून उभ्याने गेले की कार्यालयात पोहोचेपर्यंत माझी दिवसाची निम्मी शक्ती खर्च झालेली असते. गाडीत काचा बंद असतील, आत दुसरे कोणी नसेल आणि रेडिओ लावायचा की नाही हे मी ठरवेन.

बाबांनी सकाळी मोठ्या उत्साहाने एक व्हॉट्सॲप संदेश पाठवला, की १ जूनपासून आरटीओत परीक्षाच द्यावी लागणार नाही. तसे काही झालेले नाही. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद २०२१ पासूनच आहे. तेथे हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करून तेथील चाचणी उत्तीर्ण झाल्यास आरटीओच्या परीक्षेतून सूट मिळते, आणि १ जूनला यात नवे काहीही घडले नाही, असा खुलासा केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केला आहे. मी नेहमीच्या मोटार ट्रेनिंग स्कूलचा मार्ग घेणार आहे, कारण ते घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि ज्या रस्त्यांवर मला पुढे गाडी चालवायची आहे त्याच रस्त्यांवर ते शिकवतात.

११ जून २०२४

आजचा दिवस नमुना १ मध्ये गेला. ही शारीरिक पात्रतेची स्वयंघोषणा असते. वय चाळीसच्या आत असेल आणि व्यावसायिक वाहनाचा परवाना नको असेल, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागत नाही. आपणच आपल्याविषयी लिहून सही करायची. प्रश्न थोडेच आहेत : अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपणे, पंचवीस मीटरवरून गाडीची पाटी वाचता येणे, हातापायांच्या हालचालीतील दोष, रंग ओळखणे, रातांधळेपणा, ऐकू येणे. ऑटिझमचा उल्लेख कोठेही नाही. शेवटी मात्र एक सर्वसमावेशक प्रश्न आहे, की ज्यामुळे तुमचे वाहन चालवणे लोकांच्या दृष्टीने धोक्याचे ठरेल असा अन्य काही आजार किंवा अपंगत्व तुम्हाला आहे काय. मोटार वाहन कायद्याचे, म्हणजे १९८८ च्या अधिनियमाचे, कलम ८ याच मुद्द्यावर परवाना नाकारण्याचा अधिकार देते.

हा प्रश्न नीट वाचला तर तो ‘तुम्हाला अपंगत्व आहे काय’ असे विचारत नाही, तर ‘धोका निर्माण करणारे अपंगत्व आहे काय’ असे विचारतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे; पण त्या यादीत नाव असणे आणि रस्त्यावर धोका असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरीही ‘नाही’ लिहिण्यापूर्वी मी माझ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊन आले. ऑटिस्टिक व्यक्तींत अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते, तेव्हा त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सवयीने देऊन चालणार नव्हते. डॉक्टरांनी पूर्वेतिहास पुन्हा तपासला, चालू औषधाने झोप येते का ते विचारले आणि आपले मत लेखी दिले. तो कागद कोणी मागितलेला नाही. फाइलमध्ये ठेवला आहे.

रेडिंगला राहणाऱ्या मावसबहिणीला विचारले. ब्रिटनमध्ये ऑटिझममुळे गाडी चालवण्यावर परिणाम होत असेल तरच परवाना देणाऱ्या संस्थेला कळवावे लागते. २०१९ मध्ये त्या संस्थेच्या संकेतस्थळावरील मजकुराचा अर्थ ‘सर्वांनीच कळवावे’ असा होऊ लागला तेव्हा ऑटिस्टिक मंडळींनी बराच आवाज उठवला आणि मजकूर दुरुस्त झाला. आपल्याकडे असा मजकूरच नाही. त्याने सोय होते की गैरसोय, हे ज्या अधिकाऱ्यासमोर आपण उभे राहू त्यावर अवलंबून राहते, आणि ही मला फारशी आवडणारी व्यवस्था नाही.

२३ जून २०२४

शिकाऊ परवाना मिळाला. महाराष्ट्रात जून २०२१ पासून ही परीक्षा आधारच्या साहाय्याने घरी बसून देता येते. साठ टक्के उत्तरे बरोबर लागतात आणि प्रश्न चिन्हांवर व नियमांवर असतात, त्यामुळे माझ्यासारखीला हा प्रकल्पातील सर्वांत सोपा भाग होता. पुढे लिहिण्यासारखे काही नाही. परवान्याची मुदत सहा महिने आहे आणि तीस दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याच्या परीक्षेला बसता येते.

ट्रेनिंग स्कूलच्या शिक्षकांना एक पानभर सूचना लिहून दिल्या. ते पन्नाशीचे आहेत, मी त्यांना काका म्हणते आणि ते मला ताई म्हणतात. पानावर असे लिहिले होते : एका वेळी एकच सूचना द्यावी. वळायचे असेल तर आधी दिशा आणि मग खूण सांगावी. ‘मेडिकलच्या पुढून डावीकडे’ असे सांगितले तर मी मेडिकल शोधत बसते. स्टिअरिंगला हात लावायचा असेल तर आधी बोलावे. मी काही सेकंद गप्प राहिले तर ऐकू आले नाही असे समजू नये.

काकांनी पान दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, ‘‘बाकीच्यांनीबी असं लिहून दिलं असतं तर बरं झालं असतं.’’ ऑटिझम म्हणजे काय हे त्यांनी विचारले नाही, आणि मीही सांगत बसले नाही.

७ जुलै २०२४

गाडी हलते, थांबते, डावीकडे वळते. अडचण सूचनांची आहे. काका ‘‘सोडा, सोडा’’ म्हणतात तेव्हा दोन पाय आणि दोन हात मिळून सोडण्यासारख्या बऱ्याच गोष्टी माझ्या ताब्यात असतात. इतर विद्यार्थी संदर्भाने ओळखतात. मला तो संदर्भ जुळवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी बंद पडते. आता आम्ही असे ठरवले आहे की वस्तूचे नाव आधी घ्यायचे : ‘‘क्लच, सोडा.’’ ‘‘ब्रेक, हलका.’’ दोन दिवस काका विसरत होते, मग त्यांच्या तोंडी ते बसले.

गिअरविषयी घरी मतभेद आहेत. घरची गाडी ऑटोमॅटिक आहे आणि शाळेची गिअरची. आपल्याकडे कारच्या परवान्यात ऑटोमॅटिक आणि गिअरची असा भेद नाही, वर्ग एकच. बाबांचे म्हणणे, गिअरची आली म्हणजेच गाडी आली. माझे म्हणणे असे की लक्ष देण्याची माझी क्षमता ठरावीक आहे आणि तिचा मोठा भाग डाव्या पायाला द्यावा लागला तर रस्त्याला काय उरणार? निर्णय असा केला : परीक्षा शाळेच्याच गाडीवर द्यायची असल्यामुळे हाफ क्लच आणि चढावरचे निघणे शाळेच्या गाडीवर पक्के करायचे, आणि रहदारीचा सराव परवानाधारक बाबांना शेजारी बसवून, पुढे-मागे लाल ‘एल’ लावून, घरच्या गाडीवर करायचा. दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या गाड्यांवर.

२८ जुलै २०२४

या आठवड्यात सराव नाही. २५ तारखेला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने एकतानगरीत घरे बुडाली. नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली आहे आणि शिल्लक रस्त्यांवर सगळे शहर उतरले आहे. घरी बसून वाचन केले.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील परवान्यांच्या आणि अपघातांच्या नोंदी एकत्र करून फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयातील संशोधकांनी ऑटिस्टिक तरुणांचा अभ्यास केला आहे. बौद्धिक अक्षमता नसलेल्या ऑटिस्टिक मुलामुलींपैकी साधारण एक तृतीयांश परवाना घेतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या ऑटिस्टिक चालकांच्या अपघातांचे प्रमाण इतर नव्या चालकांइतकेच किंवा त्याहून कमी आढळले, आणि बेफाम वेगामुळे होणारे त्यांचे अपघात तर जवळपास निम्मे होते. मात्र समोरच्याला वाट न दिल्यामुळे आणि डावीकडे वळताना किंवा यू-टर्न घेताना होणारे अपघात त्यांच्यात जास्त होते.

हे वाचताना एक गोष्ट उलटी करून घ्यावी लागते. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे समोरून येणारी रहदारी छेदून जाणारे वळण ते त्यांचे डावे आणि आपले उजवे. तेव्हा या प्रकल्पाचा मुख्य भाग कोणता हे आज ठरले : उजवे वळण. एच आकार, आठचा आकार, पार्किंग हे चाचणीचे प्रकार सगळे दुय्यम.

११ ऑगस्ट २०२४

संध्याकाळचा तास बंद करून सकाळी सहाचा घेतला. गणपती जवळ आल्याने म्हात्रे पुलाजवळ नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू आहे आणि तो आवाज बंद काचेतूनही छातीत येतो. ढोल मला ऐकायला आवडत नाहीत असे नाही. पण ढोल आणि रहदारी एकाच वेळी आत घेता येत नाहीत. इअरप्लगचा विचार केला होता, तो सोडून दिला. साधा भोंगा ऐकू येतो अशी सही नमुना १ वर करून नंतर कानात बोळे घालणे बरोबर नाही. त्याऐवजी काचा बंद, पंखा सर्वांत कमी वेगावर, रेडिओ नाही, आणि बाबांनी बोलायचे नाही. शेवटची अट पाळणे बाबांना सर्वांत जड जाते.

१ सप्टेंबर २०२४

आमच्या गल्लीतून मुख्य रस्त्याला उजवीकडे निघायचे तर दुभाजकातील फटीतून जावे लागते. सिग्नल नाही. नियम मला पाठ आहे : मुख्य रस्त्यावर शिरताना त्या रस्त्यावरील वाहनांना आधी वाट द्यावी. तो अक्षरशः पाळला तर सकाळी नऊ वाजता त्या फटीत उभी राहिलेली मी दुपारपर्यंत तेथेच असेन, कारण वाट मोकळी कधी होतच नाही. मागचा रिक्षावाला भोंगा वाजवत राहतो आणि काका म्हणतात, ‘‘थोडं नाक काढा ताई, ते थांबतात.’’

मी विचारले, नाक किती काढायचे? कोण थांबतो आणि कोण थांबत नाही, हे कशावरून कळते? काका म्हणाले, त्याच्या डोळ्यांत बघायचे, कळते. ते मला कळत नाही. हेल्मेटच्या किंवा काळ्या काचेच्या आतला चेहरा मला दिसतही नाही, आणि दिसला तरी मी त्यावरून काही ताडू शकेन असे मी गृहीत धरणार नाही.

मग आम्ही गाडी बाजूला लावली, त्या फटीच्या समोर चहाच्या टपरीपाशी उभे राहिलो आणि इतर लोक कसे निघतात ते पाहत बसलो. काकांना हा प्रकार आधी विचित्र वाटला, पण ते थांबले. पाहता पाहता जे हाती लागले ते असे. थांबणार असलेल्या दुचाकीचे पुढचे टोक किंचित खाली दबते, कारण ब्रेक लागलेला असतो. न थांबणारी दुचाकी तशीच सरळ राहते, आणि चुकवून जाणार असेल तर तिचे पुढचे चाक आधी फिरते, बाकीची गाडी मग. कारच्या बाबतीत चाकाच्या तबकडीवरील आरे दिसू लागले की ती हळू झाली. रिक्षाला पुढे एकच चाक असल्यामुळे ती सर्वांत लवकर वाचता येते. चेहऱ्याऐवजी चाके पाहायची, आणि तीही जवळची नव्हे तर दुसऱ्या रांगेतली, कारण पहिल्या रांगेतल्याने काय करायचे ते ठरवून टाकलेले असते.

नाकाचेही माप ठरवले. बोनेटचे टोक दुभाजकाच्या कडेशी समांतर आले की थांबायचे. त्यापुढे एक हातही नाही. तेवढ्याने समोरच्याला कळते की ही गाडी निघणार आहे, आणि तरीही तो न थांबता जाऊ शकतो. दोन चाके हळू झालेली दिसली की निघायचे, एक दिसले तर नाही.

काका शेवटी म्हणाले की तेही बहुधा चाकच बघत असतील, कधी विचार केला नव्हता.

२९ सप्टेंबर २०२४

अलिखित खुणांची वही भरत आली आहे. काही नोंदी येथे उतरवून ठेवते.

समोरून डिपर : याचा अर्थ ‘मी येतोय, तुम्ही थांबा’. मावसबहीण सांगते की तिच्याकडे बहुतेक लोक डिपर देऊन ‘तुम्ही जा’ असे सुचवतात; तिकडून इकडे येऊन गाडी चालवणाऱ्याने ही नोंद आधी वाचावी.

रिक्षातून बाहेर आलेला पाय : रिक्षा त्या बाजूला वळणार. हात असेल तर हात, पण पाय अधिक भरवशाचा.

पादचाऱ्याचा पुढे केलेला तळवा : तो थांबणार नाही. थांबायचे आपण. कायद्यानेही, सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांवर त्याचाच हक्क पहिला.

ट्रकच्या मागचे ‘हॉर्न ओके प्लीज’ : २०१५ मध्ये महाराष्ट्राने हे लिहिण्यास बंदी घातली, तरी परराज्यांतल्या गाड्यांवर ते दिसते. ती सूचना नव्हे, दुर्लक्ष करावे.

मागून सतत भोंगा : याचा बहुतेक वेळा काहीही अर्थ नसतो. माझ्यासाठी सर्वांत अवघड नोंद हीच. प्रत्येक भोंगा मला उद्देशून आहे असे शरीर धरून चालते आणि पाय ॲक्सिलरेटरवर जातो. उपाय म्हणून भोंगा ऐकला की एकच कृती ठरवली आहे : मधला आरसा पाहणे. आरशात रुग्णवाहिका असेल तर बाजूला होणे, नसेल तर होते तेच चालू ठेवणे. भोंग्याला काहीतरी उत्तर दिल्याचे शरीराला समाधान मिळते आणि गाडीचा वेग बदलत नाही.

२० ऑक्टोबर २०२४

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १५ पुन्हा वाचला. परीक्षेत काय पाहावे याची त्यात लांबलचक यादी आहे : आरसा बसवण्यापासून, चढावर थांबून मागे न घसरता निघणे, मर्यादित जागेत गाडी उलटी घालणे, इशारे वेळेवर देणे. त्याच यादीत आणखी एक कलम आहे, की पादचारी, इतर चालक आणि रस्ता वापरणारे काय करतील याचा आधीच अंदाज घेता आला पाहिजे. ज्यावर मी सप्टेंबरभर घाम गाळला ते नियमात एका ओळीत लिहिलेले आहे आणि चाचणीच्या बंदिस्त ट्रॅकवर ते तपासण्याची सोय जवळजवळ नाही, कारण तेथे दुसरे कोणी नसतेच. ट्रॅक माझ्यासारखीला अनुकूल आहे : आखलेल्या रेषा, ठरलेला क्रम, अनपेक्षित काही नाही. उत्तीर्ण होण्याची मला काळजी वाटत नाही. त्या उत्तीर्ण होण्याला किती किंमत द्यायची, हा प्रश्न आहे.

पुण्यात चारचाकीची चाचणी भोसरीला नाशिक फाट्याजवळच्या आयडीटीआर या चालक प्रशिक्षण व संशोधन संस्थेच्या ट्रॅकवर होते. बाबांबरोबर जाऊन बाहेरून जागा, फाटक, रांग कोठे लागते, सावली कोठे आहे हे पाहून आले. नवी जागा आणि नवे काम एकाच दिवशी आले की दोन्ही बिघडतात.

२६ नोव्हेंबर २०२४

चाचणी झाली, उत्तीर्ण. रांगेत थांबणे हा दिवसाचा कठीण भाग होता आणि त्यासाठी सावलीची जागा उपयोगी पडली. गाडीत बसल्यावर सीट, आरसा, पट्टा, हँडब्रेक असा क्रम तोंडाने पुटपुटत केला. त्याला कोणी हरकत घेतली नाही. चढावर हँडब्रेक सोडण्यापूर्वी इंजिनाचा आवाज बदलतो तो ऐकायचा, ही काकांची युक्ती. माझ्या कानांचा असाही उपयोग आहे.

१५ डिसेंबर २०२४

परवान्याचे कार्ड टपालाने आले. वय तिशीच्या पुढे असल्यामुळे मुदत दहा वर्षांची.

वाहतूक पोलिसाने थांबवले तर काय, हे अजून ठरले नव्हते. अचानक विचारलेल्या प्रश्नाला मी लगेच उत्तर देत नाही, नजर दुसरीकडे वळते, हात हलत राहतात. हे सगळे मद्यपान केल्यासारखे किंवा काही लपवत असल्यासारखे दिसू शकते. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात जानेवारी २०२० पासून ऑटिस्टिक चालकांना निळे पाकीट देतात. त्यात कागदपत्रे ठेवायची आणि वरच्या बाजूला पोलिसासाठी व चालकासाठी सूचना छापलेल्या असतात. आपल्याकडे तसे नाही, म्हणून मी स्वतः एक कार्ड तयार केले. दिव्यांगत्वाचे ओळखपत्र दाखवण्याचा विचार आधी केला होता. पण ते पाहून पहिला प्रश्न ‘मग गाडी कशी चालवता?’ असाच येणार. म्हणून कार्डाची पहिली ओळ अशी : ‘माझ्याकडे वैध परवाना आहे आणि सर्व कागदपत्रे डिजिलॉकरमध्ये आहेत.’ दुसरी : ‘मी ऑटिस्टिक आहे, उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागतो.’ तिसरी : ‘कृपया एका वेळी एकच प्रश्न विचारावा.’ क्रमाला महत्त्व आहे.

१२ जानेवारी २०२५

दुसरे उद्दिष्ट निम्मे झाले आहे. सकाळी सातपूर्वी निघाले तर हिंजवडीपर्यंत एकटीने जाता येते. मार्ग नकाशात दाखवतात तो नव्हे : सर्वांत जवळचा रस्ता सोडून, ज्यावर प्रत्येक उजवे वळण सिग्नलवरच येते असा थोडा लांबचा रस्ता मी आखला आहे. चांदणी चौकातले नवे पूल २०२३ पासून खुले आहेत, पण कोणती मार्गिका कोठे फुटते हे वेगात असताना पाटीवरून वाचणे मला जमत नाही. तेथील फाटे रविवारी बाबांना शेजारी बसवून एकेक करून पाठ करते आहे. परतीचा संध्याकाळचा प्रवास अजून बसने किंवा सहकाऱ्याच्या गाडीतून होतो. थकल्यावर माझे चाके वाचणे मंदावते, हे मी दोनदा पडताळून पाहिले आहे, त्यामुळे येथे घाई नाही.

रात्रीचे चालवणे, पावसातले चालवणे आणि द्रुतगती मार्ग या तिन्ही गोष्टी प्रकल्पाच्या बाहेर ठेवल्या आहेत. वायपरच्या घासण्याचा आवाज सोसवत नाही. जूनपूर्वी पाती बदलून पाहायची. काकांनी मार्चमध्ये पाच-सहा तास संध्याकाळचे द्यायचे कबूल केले आहे. त्यांना आगाऊ पैसे द्यायचे आहेत आणि सूचनांचे नवे पान लिहायचे आहे, कारण जुने त्यांच्या शर्टाबरोबर धुतले गेले.